रोग्याला सांगायचं नसतं

बाबांना काय झालंय ते डॉक्टरांनी दादाला आणि मला सांगितलं, आम्ही घरी येऊन आईला सांगितलं, आणि आईने तोंडाला पदर लावून शेजारणीला. बाबांना तेवढं कुणी सांगितलं नाही. साठीच्या दशकातली ही गोष्ट, आणि तेव्हा रीतच तशी होती. डॉक्टर रोग्याला तपासायचे, पाठीवर थाप मारून 'ठीक होऊन जाईल, बाहेर बसा' म्हणायचे आणि सोबतच्या माणसांना आत थांबवून घ्यायचे. खरं काय ते त्या पाच मिनिटांत सांगितलं जायचं. आम्ही बाहेर आलो तेव्हा बाबा बाकड्यावर बसून दाराकडेच पाहत होते. एक चप्पल पायातून सुटून खाली पडली होती, ती त्यांना परत घालता आली नव्हती.

"काय म्हने डॉक्टर?"

"अशक्तपना हाय म्हने," दादा म्हणाला. "दूध-अंडं खा लागते."

मी मागून मान हलवली. इतकं मोठं खोटं मी आधी कधी बोललो नव्हतो, पण ते मला सहज जमलं.

बाबा उमरेडला मागावर लुगडी विणायचे. आधी आडवा धागा नेणारा धोटा हातातून निसटायला लागला. मग अंगठ्याखालचं मांस गेलं, तिथे खळगा पडला. दंडावरची कातडी आपोआप फुरफुरायची, आत किडा वळवळावा तशी. पुढे पाय गेले, मग जीभ जड झाली, आणि शेवटी पाण्याचा घोटसुद्धा गिळता येईना. मेंदूपासून हातापायांकडे जाणाऱ्या नसा वाळत जातात, याला औषध नाही, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. डोकं मात्र अखेरपर्यंत लख्ख राहिलं. अडीच वर्षं बाबा सगळं समजत असताना जात राहिले, आणि अडीच वर्षं आम्ही त्यांना अशक्तपणा सांगत राहिलो. दादा त्यांच्याजवळ बसायचा, त्यांना भरवायचा. मी मात्र खोलीत पाच मिनिटं टिकायचो नाही. काहीतरी काम काढून उठायचो.

तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि नागपूरला पाटबंधारे खात्यात ट्रेसर म्हणून नुकताच लागलो होतो. इंजिनिअर लोक कागदावर पेन्सिलीने नकाशा काढायचे, आम्ही त्यावर पारदर्शक मेणकापड ताणून तोच नकाशा शाईने उतरवायचो. कालवा, पूल, बंधारा, सगळं रेषेत. रेष सरळ आली पाहिजे, एकसारख्या जाडीची आली पाहिजे, आणि एका दमात आली पाहिजे. हात स्थिर असणं हीच आमची सगळी विद्या. दादा सात वर्षांनी मोठा. तो उमरेडलाच राहिला, बाबांच्या मागावर बसला.

बाबा गेल्यानंतर सात-आठ वर्षं मी चांगला होतो. लग्न झालं, मुलगी झाली, आई गेली. मग एका मे महिन्यात दुपारी एक लांब रेष ओढताना मधेच लहरली. अगदी बारीक. वरिष्ठ ड्राफ्ट्समन मागे उभे होते, हसून म्हणाले, "काहून गा, काल जास्त झाली का?" मी थेंबालाही शिवत नव्हतो. सगळे हसले, मीही हसलो. टेबलाखाली माझा उजवा हात मी डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला होता.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. पुढची पाच वर्षं मीच माझा वैरी होतो आणि काम मनापासून करत होतो. सकाळी दाढीच्या आरशात जीभ बाहेर काढून ती फुरफुरते का बघायचं. दोन्ही हातांचे अंगठे जवळ आणून मांस मोजायचं. शर्टाची बटणं डोळे मिटून लावायची. टाचांवर चालायचं, मग चवड्यांवर. 'कच्चा पापड, पक्का पापड' दहा वेळा म्हणायचं. आठव्यांदा अडखळलो की दिवस संपला. ऑफिसात पोहोचल्यावर उरलेल्या कापडाच्या तुकड्यावर एक रेष ओढायची, खाली तारीख टाकायची आणि खिडकीच्या उजेडाला धरून कालच्या रेषेशी ताडून पाहायची. माझ्या खणात असे शेकडो तुकडे साठले होते. पापणी फडफडली की मी काम थांबवायचो. पोटरीत गोळा आला की मला उमरेडच्या घरातली बाबांची खाट दिसायची. एका ग्रंथालयात वैद्यकाचं जाड पुस्तक होतं, त्यातलं बाबांच्या आजाराचं पान मी इतक्या वेळा वाचलं की पुस्तक हातात घेतलं की आपोआप तिथेच उघडायचं.

बायकोने आधी समजूत काढली, मग चेष्टा केली, मग ती चिडायला लागली. "झाली का जीभ पाहून? आता चहा घ्या, थंडा होऊन राहिला," असं मोरीच्या दाराबाहेरून रोज ओरडायची. मला तिचा राग यायचा. माझं मरण चाललंय आणि हिला चहाची पडलीय, असं वाटायचं. आता कळतं की त्या ओरडण्यानेच मी त्या वर्षांत उभा होतो.

शेवटी तिनेच मला धंतोलीत नेलं. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं टोचून झाली होती, एका वैद्याचं तेल लावून झालं होतं, आणि काहीच नसलेला आजार काही केल्या बरा होत नव्हता. धंतोलीचे ते डॉक्टर नसांच्या आजारांचे मोठे जाणकार होते. विदर्भभरातून माणसं येऊन त्यांच्या दारात ताटकळत असत. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, तळव्यावर किल्ली ओढली, टाचणी टोचून पाहिली, जीभ बघितली. अर्धा तास तपासलं. म्हणाले, "तुमची एकूण एक नस ठीक आहे. घाबरायचं काही कारण नाही." मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग ते म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर बसा. मला यांच्याशी बोलायचं आहे."

मी बाहेर जाऊन बाकड्यावर बसलो. भिंतीवर घड्याळ होतं. सहा मिनिटं ती आत होती. बाहेर आली तेव्हा माझ्याकडे न बघता पिशवीत काहीतरी शोधत म्हणाली, "ठीक आहे म्हनतेत. टॉनिक लिहून देल्लं."

तिचं म्हणणं खरं होतं. डॉक्टरांनी तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की, यांना वैद्यकाची पुस्तकं वाचू देऊ नका आणि रोजरोज तब्येतीची विचारपूस करू नका. हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी मी तिला विचारलं, तर ती नुसती "काही नाही वो" म्हणाली. अशी उत्तरं मी स्वतः अडीच वर्षं दिलेली होती.

तरीही दोनेक वर्षं कशीबशी गेली. मी रेषा ओढत होतो, ती ओरडत होती. आणि मग एका दिवाळीनंतर तिने ओरडणं बंद केलं.

मी मोरीत अर्धा अर्धा तास लावला तरी ती काही बोलेना. वरणावर तूप वाढलं. आमच्या घरात अंडं शिजत नसे. तिने परसात वेगळी शेगडी मांडून मला रोज अंडं उकडून द्यायला सुरुवात केली. माझ्या रद्दड विनोदांवर हसायला लागली. मी काही लिहीत असलो की ती दारात उभी राहून माझ्या हाताकडे बघत असे, आणि मी वर पाहिलं की आत जाई. उमरेडहून वहिनीचं पत्र आलं की पूर्वी ती मोठ्याने वाचून दाखवायची. आता पत्र यायचं आणि कुठे जायचं कळायचं नाही. एक मला पिठाच्या डब्यात सापडलं, पण मी ते उघडण्याआधीच तिने हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, "बायकांचं आहे, तुमच्या कामाचं नाही."

दादासुद्धा यायचा बंद झाला. महिन्यातून एकदा तो लुगडी घेऊन नागपूरला यायचा, तेव्हा आमच्याकडे मुक्काम करायचा, मुलीला खांद्यावर घेऊन बाजारात न्यायचा. दिवाळीला आला नाही, संक्रांतीला आला नाही. निरोप यायचा की कामाची गर्दी आहे. मला त्यात काही कोडं वाटलं नाही. बाबांच्या खोलीत मला बसवत नव्हतं, तसं आता दादाला माझ्यासमोर बसवत नाही, असा मी अर्थ लावला. उलट मला त्याची कीवच आली.

मग ऑफिसातला शेजारचा ट्रेसर जेवणाच्या सुट्टीत सहज म्हणाला, "काल वहिनी धंतोलीत दिसल्या गा. त्या नसांच्या डॉक्टरच्या दवाखान्यातून निघत होत्या. तब्येत ठीक आहे ना?" बायकोने मला सांगितलं होतं की काल ती मावशीकडे गेली होती.

त्या क्षणी मला सगळं लखलखीत दिसलं. तूप, अंडं, हसणं, लपवलेली पत्रं, दादाचं न येणं. आम्ही बाबांशी जसं वागलो, अगदी तसंच सगळे माझ्याशी वागत होते. रोग्याला सोडून साऱ्या गावाला ठाऊक, आणि या खेपेला रोगी मी. आश्चर्य म्हणजे मी रडलो नाही. पाच-सात वर्षं ज्याची वाट पाहिली तो पाहुणा आला होता, त्यामुळे आता निदान दाराकडे कान लावून बसायचं नव्हतं. पण मला खरं ऐकायचं होतं. बाबांसारखं मूर्ख बनून मरायचं नव्हतं. बायको सांगणार नाही हे नक्की होतं. दादा सांगेल. घरातला कर्ता तोच, तेव्हा डॉक्टरांचं बोलणं त्याच्यापर्यंत पोहोचलं असणारच.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जातो म्हणून निघालो आणि उमरेडची एसटी धरली. मार्च महिना होता. रस्त्यावर कोळशाचे ट्रक होते, त्यांची काळी धूळ खिडकीतून तोंडावर बसत होती. मी वाटभर एकच वाक्य जुळवत होतो, दादाला कसं विचारायचं ते.

दादा ओसरीवर खाटेवर बसला होता. अंगावर शाल. एवढ्या उन्हात शाल कशाला, हे मला दिसलं. ताप असेल असं वाटून मी ते सोडून दिलं. माग बंद होता, हेही दिसलं. पण मी माझंच घेऊन आलो होतो. समोर बसलो आणि एका दमात बोलून टाकलं, "दादा, मले सगळं समजलं हाय. लपवू नको. डॉक्टरनं काय सांगलं? किती दिवस हायेत माह्याजवळ?"

दादा माझ्याकडे बघत राहिला. वहिनी पाण्याचा गडवा घेऊन आतून येत होती, ती उंबऱ्यातच थांबली.

"तुले काई नाई झालं गा," दादा म्हणाला. आवाज जाड, ओला, तोंडात पान असल्यासारखा. एकेक शब्द तो वेगळा काढत होता. "मले झालं."

डाव्या हाताने त्याने शाल बाजूला केली. उजवा हात मांडीवर पडला होता. अंगठ्याखाली मांस नव्हतं, तिथे खळगा होता.

यानंतर मी जे केलं ते मी आजवर बायकोशिवाय कुणालाही सांगितलेलं नाही. मी छातीतला सगळा श्वास सोडला. "म्हनजे मले नाई?" असं म्हणालो. आणि मी हसलो. मोठ्याने नाही, पण हसलो. हरवलेली किल्ली स्वतःच्याच खिशात सापडल्यावर माणूस हसतो, तसा. मला आनंद झाला होता. सख्ख्या भावाचा वाळलेला हात समोर होता आणि मला आनंद झाला होता. त्याला दुसरं नाव देऊन उपयोग नाही.

दादाने ते पाहिलं. वहिनीने पाहिलं. मग दादाच म्हणाला, "याले पानी दे वं. उन्हातून आला."

मागच्या अंगणात वहिनीने मला सगळं सांगितलं. धोटा निसटला त्याच दिवशी दादाने ओळखलं होतं. धंतोलीच्या डॉक्टरांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं, तर तो उठलाच नाही. "मी हे पाह्यलं हाय साहेब, मलेच सांगा," म्हणाला. आणि बाहेर येऊन त्याने दोघी जावांना बजावलं की माझ्या कानावर घालायचं नाही. "तो असाच भेवानं अर्धा झाला हाय, हे ऐकलं तर पुरा मरन." माझी बायको पाच महिने त्यांना दवाखान्यात नेत-आणत होती.

संध्याकाळी घरी आल्यावर मी तिच्यावर आवाज चढवला, मला का फसवलंस म्हणून. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "आधी मले तुमचं हसू यायचं. दादांचं कळलं, अन् मलेही तुमचे हात पाहाले भ्याव वाटू लागलं. आता कोनावर ओरडू मी?" मग तिने तोंडात पदर कोंबला आणि रडली. मी तिच्याजवळ गेलो नाही. आतल्या खोलीत जाऊन बोटं हलवून पाहत बसलो.

पुढे मी दर रविवारी उमरेडला जायला लागलो. झालेलं भरून काढायचं होतं, आणि लोकही म्हणायचे, भाऊ असावा तर असा. मी दादाला भरवायचो, अंग पुसायचो, बाबांच्या वेळी जे केलं नव्हतं ते सगळं करायचो. पण खरं सांगायचं तर मी नुसता सेवेला जात नव्हतो, माहिती काढायलाही जात होतो. पहिल्यांदा कोणतं बोट गेलं? त्याच्या किती आधी फुरफुर सुरू झाली? दुखत होतं का? सकाळी जास्त की संध्याकाळी? डाव्या पायात गोळे आले होते का, की उजव्या? दादा बिचारा सांगायचा. एकेका शब्दाला दम लागायचा, लाळ गळायची, ती मी पुसायचो आणि पुढचा प्रश्न विचारायचो. परतताना एसटीत बसून त्याची उत्तरं माझ्या हातापायांशी ताडून पाहायचो. जुळलं नाही की मला भूक लागायची. बसस्टँडवर उतरून मी आलूबोंडे खायचो.

असं सहा-सात महिने चाललं. मग एका रविवारी मी त्याचा हात मांडीवर घेऊन तेल लावत होतो, आणि लावता लावता अंगठ्याजवळचा खळगा बोटाने चाचपत होतो. दादाने हात ओढायचा प्रयत्न केला, पण त्याच्याने तो ओढवला नाही.

"तू नको येत जाऊ गा," तो म्हणाला. त्याचे शब्द आता फक्त घरच्यांनाच कळायचे. "तू आला का माह्या हाताकडं पाह्यतं. माह्याकडं नाई पाहत."

मी तेलाची वाटी खाली ठेवली. मला फार लागलं. एवढं करतो, रविवार घालवतो, गू-मूत काढतो, आणि वर हे ऐकायचं, असं वाटलं. वहिनी "त्यांचं मनावर घेऊ नका भाऊजी" म्हणाली, तरी मी चहा न घेता निघालो. पुढच्या रविवारी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बायको म्हणाली, जा. मी म्हणालो, त्यालाच नको आहे. मंगळवारी सकाळी ऑफिसात उमरेडहून माणूस आला. पाण्याचा घोट श्वासनळीत गेला होता.

त्याला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. दादाच्या वयाला मी केव्हाच मागे टाकलं, आता बाबांच्याही. तो आजार मला झाला नाही. नोकरीच्या शेवटच्या वर्षापर्यंत माझी रेष सरळ येत होती, आणि साहेब लोक नव्या मुलांना ती दाखवायचे. रात्री अंथरुणात पोटरी फुरफुरते अजूनही, मी दचकतो अजूनही, पण सकाळी उठून चहा पितो. धंतोलीचे डॉक्टर पहिल्याच दिवशी खरं बोलले होते. माझी एकूण एक नस ठीक होती.

त्या रविवारांची मी मनात पुन्हा पुन्हा उजळणी करतो. दादाला मी त्याच्या बोटांबद्दल विचारलं, पायांबद्दल, जिभेबद्दल, गिळण्याबद्दल, झोपेबद्दल. भरलेल्या वहीइतकी उत्तरं माझ्याजवळ आहेत, आणि ती आता कुणाच्याच कामाची नाहीत. तुला भीती वाटते का, असं मात्र मी त्याला एकदाही विचारलं नाही.